जुन्या कन्सोलचे गेम पीसीवर: कुठला इम्युलेटर घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी लागली की मला हमखास मेसेज येतात, पोरं घरी असतात आणि आईबापांना स्वतःचा जुना व्हिडिओ गेम आठवतो. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. सोप्यापासून सुरुवात केलीये, किचकट शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय. आणि माझं म्हणणं विचाराल तर एवढंच, की इम्युलेटर नाव ऐकून निवडू नका, तुम्ही खरंच कुठल्या मशीनवर खेळत होतात ते आधी शोधा, अर्धं काम तिथेच होतं.

१. इम्युलेटर म्हणजे नक्की काय? त्यात गेम आधीच असतात का?

नाही, गेम नसतात. इम्युलेटर म्हणजे कन्सोलच्या (व्हिडिओ गेम खेळायच्या मशीनच्या) आतलं हार्डवेअर, म्हणजे प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा प्रोग्राम. कॅसेटमधला डेटा फाईल म्हणून दिला की तो ती फाईल कन्सोलसारखी चालवतो, त्या फाईलला रॉम म्हणतात आणि सीडी-डीव्हीडीवाल्या गेमची असेल तर इमेज. 'पाचशे गेम सकट इम्युलेटर' असं लिहिलेलं काही दिसलं तर सरळ पुढे जा, इम्युलेटर कुठून उतरवायचा ते प्रश्न १६ मध्ये.

२. उगाच यादी नको, सगळ्यात बेस्ट कुठला ते एक नाव सांगा ना.

एक नाव नाहीये, कन्सोलप्रमाणे सांगतो.

आठ बिटवाला निन्टेंडो, म्हणजे एनईएस किंवा जपानमधला फॅमिकॉम (१९८३), यासाठी मेसेन. पीसी खूपच जुना असेल तर एफसीईयूएक्स. सुपर निन्टेंडोसाठी स्नेसनाईनएक्स, आणि पीसी बऱ्यापैकी असेल तर बीस्नेस किंवा मेसेनच, कारण नवीन मेसेनमध्ये सुपर निन्टेंडो, गेमबॉय, पीसी इंजिन, मास्टर सिस्टम हे पण आलंय. गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी एमजीबीए, डोळे झाकून. सेगा मेगा ड्राईव्हसाठी ब्लास्टएम किंवा एरीझ, रेट्रोआर्च वापरत असाल तर जेनेसिस प्लस जीएक्स.

प्लेस्टेशन १ साठी डकस्टेशन. प्लेस्टेशन २ साठी पीसीएसएक्स२, इथे दुसरा विचारच करू नका. पीएसपीला पीपीएसएसपीपी, गेमक्यूब आणि वी (Wii) यांना डॉल्फिन, ड्रीमकास्टला फ्लायकास्ट, निन्टेंडो डीएसला मेलनडीएस. पार्लरमधल्या कॉइन टाकून खेळायच्या गेमसाठी मेम किंवा एफबीनिओ, त्याचं वेगळं शास्त्र आहे ते प्रश्न ९ मध्ये. निन्टेंडो ६४ आणि सॅटर्नचं प्रश्न १३ मध्ये.

वर लिहिलेलं सगळं फुकट आहे.

३. आमच्याकडे लहानपणी लिटल मास्टर होता, तो कुठला कन्सोल? नेटवर त्या नावाचा इम्युलेटर सापडत नाही.

सापडणार पण नाही. लिटल मास्टर, मीडिया आणि गल्लीतल्या दुकानात मिळणारे बाकीचे बहुतेक डबे, हे सगळे फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला. वरून काही सेगा मेगा ड्राईव्हसारखे दिसायचे आणि त्यामुळे आजही लोक मेगा ड्राईव्हचा इम्युलेटर उतरवून बसतात आणि मग म्हणतात की माझा मारिओ कुठेय. डब्याच्या आकारावर जाऊ नका. कॅसेट पिवळी, निळी, लाल अशी तळहाताएवढी होती का, आणि कॉन्ट्रा, मारिओ, डक हंट, बॅटल सिटी त्यावर होते का? मग तुम्हाला एनईएसचाच इम्युलेटर पाहिजे, म्हणजे मेसेन.

'९९९९९९ इन १' वाल्या कॅसेट पण चालतात. त्यात खरे गेम मोजकेच असायचे, तेच कधी पुढच्या लेव्हलपासून कधी जास्त लाईफ देऊन परत परत यादीत घातलेले. पण या कॅसेटच्या आत गेम बदलणारं जे सर्किट असतं, ज्याला मॅपर म्हणतात, ते प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं, आणि मेसेन आणि एफसीईयूएक्स दोघांनी असे ढिगाने मॅपर सपोर्ट केलेत. तरी मेनू दिसतोय पण गेम निवडला की काळा स्क्रीन असं झालं तर बहुतेक वेळा फाईलच्या सुरुवातीला जो सोळा बाईटचा हेडर असतो त्यात मॅपरचा नंबर चुकीचा पडलेला असतो, इम्युलेटर बदलून उपयोग नाही, हेडर दुरुस्त करावा लागतो.

पॅडवरची टर्बो बटणं आठवतायत ना, नुसतं दाबून धरलं की धडाधड गोळ्या? ती पण मेसेनच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये वेगळी लावता येतात, ए आणि बी च्या खालीच टर्बो ए, टर्बो बी आहे.

४. गेम तोच आहे पण मला आठवतो त्यापेक्षा फास्ट पळतोय, आणि आवाज पण तसा येत नाही. माझीच आठवण चुकतीये का?

अजिबात नाही, तुमची आठवण बरोबर आहे. मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच.

जपान-अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी, सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. आपल्याकडचा टीव्ही पाल, ५० फ्रेम. गेमचा वेग बहुतेक वेळा फ्रेमवर बांधलेला असतो, म्हणजे तोच मारिओ आपल्याकडे साधारण १७ टक्के हळू पळायचा. आज तुम्ही जो रॉम चालवता तो बहुतेक अमेरिकन नाहीतर जपानी, इम्युलेटर ते ओळखून ६० ने चालवतो, आणि तुम्हाला वाटतं कोणीतरी फॉरवर्डचं बटण दाबलंय.

आता गंमत अशी की युरोपात विकलेला खरा पाल एनईएस आणि आपल्याकडचे क्लोन यांतही फरक आहे. खऱ्या पाल मशीनमध्ये प्रोसेसरच हळू होता, सुमारे १.६६ मेगाहर्ट्झ, त्यामुळे गाण्याचा सूर पण खाली यायचा. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या बऱ्याच क्लोनमध्ये प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जपानी मशीनच्या १.७९ च्या जवळ, आणि फ्रेम मात्र ५०. म्हणून सूर जवळपास तोच पण लय संथ. याच प्रकारचा क्लोन रशियात डेंडी नावाने गाजला, त्यामुळे इम्युलेटरमध्ये या सेटिंगचं नावच डेंडी आहे. मेसेनमध्ये एनईएसच्या सेटिंगमध्ये रीजन ऑटोवरून डेंडी करा, एफसीईयूएक्समध्ये पण आहे.

आणि आवाज? काही क्लोनच्या चिपमध्ये चौकोनी लहरींचे दोन प्रकार उलटेपालटे जोडले गेले होते, त्यामुळे मूळ गेममध्ये जो स्वर गोल येतो तो आपल्याकडे जरा चिरका यायचा आणि जो चिरका तो गोल. मेसेन आणि एफसीईयूएक्स दोन्हींत त्यासाठी स्वॅप ड्युटी सायकल्स असा पर्याय आहे. डेंडी आणि हा पर्याय दोन्ही लावून कॉन्ट्राची पहिली लेव्हल सुरू करा, हेडफोन घालून. खूप जणांनी मला सांगितलंय की हाच तो आवाज, आणि प्रत्येक वेळी मला तेवढाच आनंद होतो.

खरी जपानी मशीन कशी चालायची ते बघायचं असेल तर मात्र ऑटोच ठेवा.

५. पीसी जुना आहे, कोर टू ड्युओ, चार जीबी रॅम. काय काय चालेल?

एनईएस, गेमबॉय, मेगा ड्राईव्ह, सुपर निन्टेंडो आरामात, एफसीईयूएक्स आणि स्नेसनाईनएक्स घ्या. प्लेस्टेशन १ पण मूळ रिझोल्यूशनला चालून जाईल, रेट्रोआर्चमधला पीसीएसएक्स रीआर्म्ड त्यासाठी हलका आहे. प्लेस्टेशन २ विसरा. पीसीएसएक्स२ ला ६४ बिट सिस्टम आणि एसएसई ४.१ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक संच) वाला प्रोसेसर ही नुसती आत शिरायची अट आहे, सुरळीत चालण्यासाठी त्याहून बरंच ताकदीचं मशीन लागतं, आणि गेमप्रमाणे फरक पडतो. ग्राफिक्स कार्डपेक्षा प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग इथे जास्त महत्त्वाचा, हे कार्ड विकत घ्यायच्या आधी वाचा.

६. रेट्रोआर्च घेऊ का वेगवेगळे इम्युलेटर?

रेट्रोआर्च स्वतः इम्युलेटर नाहीये, ती एक चौकट आहे, तिच्यात वेगवेगळे इम्युलेटर कोअर म्हणून बसवायचे. फायदा असा की कंट्रोलर एकदाच सेट करायचा, शेडर (चित्राचं रूप बदलणारे फिल्टर), लॅग (बटण दाबल्यावर होणारा उशीर) कमी करायच्या सोयी सगळ्या कोअरना सारख्या मिळतात. तोटा म्हणजे मेनू खूप खोल आहे आणि नवीन माणूस त्यात हरवतो, शिवाय काही कोअर मूळ प्रोग्रामच्या मागे राहिलेले असतात. एक-दोन कन्सोल खेळायचे असतील तर वेगळे घ्या. सात-आठ कन्सोल एकाच टीव्हीला जोडलेल्या पीसीवर पाहिजे असतील तर रेट्रोआर्च शिकण्यात घातलेला एक रविवार वसूल होतो. प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूबसाठी मी तरीही वेगळेच सांगेन.

७. बायोस फाईल मागतोय, ती काय आणि कुठून आणायची?

बायोस म्हणजे कन्सोलच्या आत कंपनीने घातलेला सुरुवातीचा प्रोग्राम. एनईएस, सुपर निन्टेंडो, मेगा ड्राईव्हच्या कॅसेटना लागत नाही. एमजीबीए आणि पीपीएसएसपीपी स्वतःचा पर्याय घेऊन येतात, डॉल्फिनलाही सक्तीचा नाही. डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ ला लागतोच, आणि तो त्या त्या कंपनीचा कॉपीराईट असलेला प्रोग्राम आहे म्हणून इम्युलेटरसोबत देता येत नाही. स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा, पीसीएसएक्स२ च्या साइटवर पद्धत दिलीये. लिंक मागू नका, मी देत नाही. प्लेस्टेशन १ ची बायोस फाईल ५१२ केबीची असते, तुमची वेगळ्या साईजची असेल तर ती खराब आहे.

८. हे सगळं कायदेशीर आहे का हो? खरं सांगा.

इम्युलेटर बनवणं आणि वापरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर प्लेस्टेशनच्या इम्युलेटरवरून केस केली होती, २००० साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. मग २०२४ मध्ये निन्टेंडोने स्विच कन्सोलच्या युझू इम्युलेटरवर केस केली आणि २४ लाख डॉलर देऊन ते बंद झालं ते का, तर तिथे मुद्दा गेमवरचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, तोडण्याचा होता. जुन्या कॅसेटना असं एन्क्रिप्शन नसायचं.

आपल्याकडे कॉपीराईट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला बॅकअप काढायची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं, ते कुलूप तोडण्याबद्दल आहे. आता 'कायदेशीर प्रत' या शब्दांवर लक्ष द्या. लहानपणीच्या आपल्या कॅसेट बहुतेक सगळ्या पायरेटेड होत्या, त्या विकत घेतल्या असल्या तरी त्यावरून हा हक्क सांगता येत नाही. आणि 'गेम वीस वर्षं जुना आहे म्हणून फुकट' असा कुठलाही नियम नाही, 'चोवीस तासांत डिलीट करा' ही पण शुद्ध अफवा आहे.

सरळ मार्गाने जायचं असेल तर आजही नवीन लोक जुन्या कन्सोलसाठी गेम बनवतात आणि रॉम फाईल विकतात. मायक्रो मेजेस नावाचा २०१९ चा एनईएस गेम बघा, अख्खा ४० केबीत बसवलाय, चौघांना एकत्र खेळता येतो.

९. पार्लरमधला मुस्तफा खेळायचाय. झिप फाईल उघडली तर आत काहीच कळत नाही.

झिप उघडायची नाही! हे पहिलं. तुम्ही ज्याला मुस्तफा म्हणताय तो कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, १९९३. पार्लरच्या मशीनच्या बोर्डवर बऱ्याच चिप असायच्या आणि झिपमधली प्रत्येक फाईल म्हणजे एकेक चिप, इम्युलेटर ती झिप जशीच्या तशी वाचतो. झिपचं नाव पण बदलायचं नाही, मेम त्या नावावरूनच गेम ओळखतो.

मेम १९९७ पासून चालू आहे आणि दर काही आठवड्यांनी नवीन आवृत्ती येते. कोणीतरी खऱ्या बोर्डवरची चिप परत नीट वाचली की फायलींची यादी बदलते, म्हणून जुना रॉमसेट (म्हणजे या झिपचा संच) नवीन मेममध्ये 'फाईल नाही' म्हणून अडतो. इम्युलेटर आणि सेट एकाच आवृत्तीचे लागतात. मुस्तफाच्या बाबतीत आणखी एक, त्याची क्यूसाउंड नावाची आवाजाची चिप वेगळी धरली जाते, तिची झिप वेगळी लागते, आणि गेमची फाईल अगदी बरोबर असूनही बरेच जण नेमके तिथे अडकतात.

१०. घरच्या खऱ्या कॅसेट आणि सीडी आहेत, त्यातून फाईल कशी काढायची?

कॅसेटला डम्पर, म्हणजे आतला डेटा वाचून फाईल काढणारं यंत्र, लागतं. गेमबॉयसाठी जीबीएक्सकार्ट स्वस्त आणि सोपा, बाकी बऱ्याच कन्सोलसाठी सॅनीचा ओपन सोर्स कार्ट रीडर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर कॅसेट हाताला लागतात, त्या घेतल्यावर आधी पिना साफ करा: इअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, काळं निघायचं थांबेपर्यंत. फुंकर मारू नका, सगळ्यांनी मारलीये मान्य आहे, पण तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पुण्याच्या पावसाळ्यात ती गंजायला वेळ लागत नाही. उघडून बघितलीत आणि आत नेहमीच्या चिपऐवजी काळ्या डांबरासारखा टिपका दिसला तर घाबरू नका, स्वस्त कॅसेटमध्ये चिप तशीच चिकटवलेली असायची, ती तशीच डम्प होते.

सीडीसाठी यूएसबी डीव्हीडी ड्राईव्ह पुरतो. प्लेस्टेशन १ च्या डिस्कची आयएसओ करू नका, बिन आणि क्यू अशी जोडी करा, नाहीतर ज्या गेमची गाणी सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहेत ती गायब होतात. प्लेस्टेशन २ ची निळ्या बुडाची डिस्क असेल तर ती डीव्हीडी नाही, सीडी आहे. जागा वाचवायला मेमसोबत येणाऱ्या सीएचडीमॅनने सीएचडी (दाबून लहान केलेली इमेज) करून ठेवा, डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ दोन्ही ती वाचतात.

११. सेव्ह स्टेट आणि गेममधला सेव्ह, दोन्ही सारखंच ना? लाईट गेले आणि सगळं गेलं माझं.

नाही. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी इम्युलेटरच्या मेमरीत जे होतं ते सगळं जसंच्या तसं. इम्युलेटर अपडेट झाला की ती फाईल बऱ्याचदा उघडत नाही, पीसीएसएक्स२ मध्ये तर हे नेहमीचंच. गेममधला सेव्ह, म्हणजे बॅटरी किंवा मेमरी कार्डवाला, तो वर्षानुवर्षं चालतो आणि दुसऱ्या इम्युलेटरमध्येही सहसा नेता येतो. मोठा आरपीजी (लांबलचक गोष्टीवाला रोल-प्लेइंग गेम) खेळत असाल तर गेममध्येच सेव्ह करा, स्टेट फक्त मदतीला ठेवा.

लाईट जाण्याचं म्हणाल तर काही इम्युलेटर बॅटरी सेव्हची फाईल बंद करताना लिहितात, मध्येच वीज गेली तर ती लिहिलीच जात नाही. रेट्रोआर्चमध्ये सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल दहा सेकंद करा. आणि सेव्हचा फोल्डर अधूनमधून दुसरीकडे कॉपी करत जा.

१२. बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. इम्युलेटर खराब आहे का?

बहुतेक वेळा दोष टीव्हीचा असतो. टीव्हीत गेम मोड चालू करा, चित्र सुधारणारे सगळे पर्याय बंद. मग पॅड ब्लूटूथऐवजी वायरने जोडून बघा. तरी वाटलं तर रन-अहेड लावा, मेसेन आणि रेट्रोआर्च दोन्हींत आहे, तो पुढची फ्रेम आधीच काढून ठेवतो, एनईएसला एक फ्रेम पुरते, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद वाचतात. जास्त लावलंत तर चित्र उड्या मारायला लागतं.

१३. निन्टेंडो ६४ आणि सेगा सॅटर्न नीट का चालत नाहीत?

दोन्ही मशीन आतून किचकट आहेत. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि त्यावर चित्रासाठी दोन चिप. सॅटर्नला मेडनाफेन किंवा रेट्रोआर्चमधला बीटल सॅटर्न. ६४ साठी एरीझ किंवा पॅरेलल आरडीपी वापरणारा मुपेन, पण त्यासाठी व्हल्कन (ग्राफिक्स कार्डशी बोलायची नवी पद्धत) चालणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमचं ते नसेल तर जुन्या पद्धतीचे प्लगइन वापरा आणि थोडेफार दोष चालवून घ्या.

१४. बीस्नेस अचूक म्हणतात, स्नेसनाईनएक्स हलका म्हणतात. डोळ्याला फरक दिसतो का?

शंभरातल्या नव्वदहून जास्त गेमना नाही दिसणार. फरक दिसतो तो अशा गेममध्ये ज्यांनी कन्सोलच्या वेळेवर कारागिरी केलीये. एअर स्ट्राईक पेट्रोलमध्ये विमानाची सावली स्क्रीनची ओळ काढून होण्याआधी अर्ध्यातच सेटिंग बदलून काढलेली आहे, जो इम्युलेटर ओळ पूर्ण एकदम काढतो त्यात ती सावली येतच नाही, आणि सावली नसेल तर नेम धरणं अवघड. माझं मत, मशीनला झेपत असेल तर अचूकच घ्या, कारण गेम बनवणाऱ्याने जे दाखवलं ते दिसायला पाहिजे.

याच कारणाने झेडस्नेस सोडा. एकेकाळी तो सगळ्यांनी वापरला, पण त्याचं काम कधीच थांबलंय, त्यात सुरक्षेची भोकं सापडलेली आहेत आणि रॉम फाईलमधूनच पीसीत शिरकाव होऊ शकतो.

१५. प्लेस्टेशन १ चा गेम सुरू होतो, मग एका ठरावीक जागीच अडकतो. डिस्क माझी स्वतःची, ओरिजिनल आहे.

पाल आवृत्ती आहे का? युरोपातल्या बऱ्याच गेममध्ये लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण होतं, त्याची किल्ली डिस्कच्या सबचॅनलमध्ये (मुख्य डेटाच्या जोडीच्या जादा माहितीत) लपवलेली असते आणि साध्या बिन-क्यूमध्ये ती येत नाही. गेमला वाटतं डिस्क कॉपी आहे आणि तो मुद्दाम अडकतो. त्यासाठी एसबीआय फाईल लागते, गेमच्या फाईलचंच नाव देऊन शेजारी ठेवा, डकस्टेशन आपोआप उचलतो.

भिंती आणि चेहरे थरथरतात ती तक्रार मात्र वेगळी, मूळ कन्सोलच तसा दाखवायचा. नको असेल तर डकस्टेशनमध्ये पीजीएक्सपी चालू करा.

१६. इम्युलेटर उतरवताना पैसे आणि सर्व्हे मागतायत.

बंद करा ती साइट. प्रश्न २ मधला कुठलाच इम्युलेटर पीसीवर पैसे मागत नाही. प्रत्येकाची स्वतःची अधिकृत साइट नाहीतर गिटहबचं पान आहे, तिथूनच घ्या. आणि गेमची म्हणून उतरवलेली फाईल ईएक्सई (स्वतः चालणारा प्रोग्राम) निघाली तर ती उघडायचीच नाही, रॉम कधीही ईएक्सई नसतो.

१७. डक हंटची बंदूक अजून आहे घरात, पीसीला जोडता येईल का?

त्या बंदुकीचा उपयोग होणार नाही. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदूक तो उजेड दिसला का एवढंच बघते, आणि ती जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळेवर बांधलेली आहे. एलसीडीवर चित्र उशिरा येतं म्हणून नेम लागतच नाही. इम्युलेटरमध्ये माऊसच बंदूक होतो, मेसेनमध्ये दुसऱ्या पोर्टला झॅपर निवडा. डब्बा टीव्ही आणि जुना कन्सोल दोन्ही चालू असतील तर बंदूक त्यांच्यासोबतच ठेवा.

१८. आम्ही दोघं भाऊ एकाच कीबोर्डवर कॉन्ट्रा खेळतो, मध्येच एकाची बटणं लागतच नाहीत.

साध्या कीबोर्डला एका वेळी ठरावीक बटणंच कळतात, दोघांनी मिळून चार-पाच दाबली की काही गिळली जातात, इम्युलेटर बदलून फरक पडणार नाही. निदान एकाला तरी यूएसबी पॅड घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तातले मिळतात, घेताना दिशांचं बटण तिरपं दाबून बघा, कारण स्वस्त पॅडमध्ये तेच सगळ्यात आधी दगा देतं आणि कॉन्ट्रात तिरपी गोळी मारता आली नाही तर तिसऱ्या लेव्हलचा धबधबा पार होत नाही.